झोटिंगमास्तर तोंड धुतात

१

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत त्या काळी रविवारी भर दुपारी कोणी मेलं असतं, तर खांदा द्यायला चार माणसं मिळाली नसती. सगळी गल्ली टीव्हीपुढे बसलेली असायची. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत कूलरची घरघर, खिडकीला ओली चादर आणि पडद्यावर झोटिंगमास्तर.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. दूरदर्शन अख्ख्या देशाला एकच काय ते दाखवायचं, पण आमच्या भागात नत्थूची वायर होती. नत्थूचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या खोलीत दोन व्हीसीआर होते आणि तिथून निघालेली काळी वायर कडुलिंबांवरून, गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या मधून घराघरांत शिरली होती. रोज एक हिंदी पिक्चर आणि रविवारी भुताचा. भुताच्या पिक्चरच्या आधी, मध्यंतरात आणि शेवटी लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचे ते झोटिंगमास्तर. तोंडाला सफेदा, डोळ्यांभोवती काजळ, अंगात काळा कोट. कोट पाठीत उसवलेला होता, पण पाठ कोणाला दिसत नव्हती.

झोटिंगमास्तर म्हणजे माझे बाबा, देवाजी रामटेके.

"आता हवेलीचं दार आपोआप उघडीन," ते सांगायचे. "आपोआप काई उघडत नाई, दादा. मागं एक माणूस दोरी धरून बसला आहे. सकाळपासून त्याले चहा भेटला नाई, म्हणून दार थरथरून राहिलं." एवढं सांगून टाकल्यावर त्या दारात काय राम उरणार, असं कोणालाही वाटेल. पण दार उघडायचं आणि दोरी माहीत असूनही आमच्या अंगावर सरसरून काटा यायचा. मध्यंतरात ते कॅमेऱ्याकडे रोखून बघत म्हणायचे, "तुमच्या कूलरमधलं पाणी संपलं आहे. जा, टाका. मोरीत अंधार आहे, मी नाई येत बाप्पा." आणि घरोघरी लोक एकमेकांकडे बघायचे, कारण पाणी खरंच संपलेलं असायचं. नागपूरच्या मे महिन्यात त्या सुमाराला सगळ्यांच्याच कूलरचं पाणी संपतं, हे मला, बी.एस्सी.त शिकणाऱ्या मुलीला, कळत होतं. तरी मीसुद्धा दचकून कूलरकडे बघायची. पुढे मी टीव्हीवर सुटाबुटातले खूप निवेदक पाहिले. बाबांच्या पासंगालाही त्यातला कोणी पुरणार नाही.

२

घरात हेच बाबा मुके होते. ते छापखान्यात जुळारी होते. दिवसभर खिळे जुळवायचे, घरी यायचे, जेवायचे आणि बसायचे. मी अभ्यासाला बसले की माझ्या शेजारी भिंतीला टेकून ते नुसते बसून राहायचे. मी पुस्तक मिटलं की तेही उठायचे. आईशी, म्हणजे अंजनाबाईशी, त्यांचं दिवसाचं बोलणं एका श्वासात सांगून संपलं असतं. "तुह्या बाबाचं सगळं बोलणं त्या वायरीतून वाहून जाते," आई म्हणायची. टीव्हीतल्या बाबांवर गल्ली जीव टाकायची. घरातल्या मुक्या बाबांवर आम्ही दोघी.

बोलायला ते शिकले होते जलशात. धम्मदीक्षेच्या आधी आणि नंतरही काही वर्षं भिवापूरकडच्या गावांमधून त्यांची मंडळी जलसा करत फिरायची. त्यात एक भगत असायचा, एक भूत असायचं आणि भगताची लबाडी उघडी पडायची. भूत व्हायचे बाबा. त्या मंडळींचा एक नेम होता. खेळ संपला की भूत झालेल्याने पडद्यामागे जायचं नाही. लोकांच्या देखत, ज्यांना भेवडावलं त्यांच्याच पुढ्यात बसून तोंड धुवायचं.

"भूत दाखवाचं तर धुवून दाखवाचं," बाबा म्हणायचे. "नाई तर लोक त्याले घरी घेऊन जातेत."

म्हणून रविवारचा पिक्चर संपला की बाबा कॅमेऱ्यासमोर बादली ओढायचे. खोबरेल चोळायचे, लोट्याने पाणी घ्यायचे. सफेदा ओघळून खाली यायचा आणि त्याच्या आतून माझ्या बाबांचा काळासावळा, दमलेला चेहरा निघायचा. दुपट्ट्याने तोंड पुसून ते म्हणायचे, "पाहा. देवाजी आहे. जय भीम. सोडा पोराईले खेळाले." तेव्हा गल्लीतली दारं फटाफट उघडायची आणि पोरं उन्हात धावत सुटायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि आजही तो ऐकताना मला फार बरं वाटतं.

३

भिवापूरला चुलतभावाचं लग्न निघालं, तेही नेमकं रविवारी. नत्थू घरी येऊन बसला.

"मास्तर, शनवारी टेप करून ठेवू. मी रविवारी लावून देतो. कोणाले पत्ता लागत नाई."

"टेपवरच्या तोंडाले कोण धुईन गा?"

"तुम्हीच धुवा ना कॅमेऱ्यापुढं. ते बी टेपवर येते."

नत्थूचं बरोबरच होतं. शनिवारी दुपारी टेप झाली. नत्थू लग्नांच्या शूटिंगमधून उरलेल्या कॅसेटी जपून ठेवायचा, शेवटाकडचा कोरा भाग वाया जाऊ द्यायचा नाही. अशाच एका उरलेल्या तुकड्यावर त्याने बाबांना घेतलं.

आईबाबा लग्नाला गेले. माझी परीक्षा होती, म्हणून मी मागे राहिले आणि रविवारी शेजारच्या सिंधूताईंकडे बसून कार्यक्रम पाहिला. बाबा मस्तच बोलले. शेवटी त्यांनी बादली ओढली, लोटा घ्यायला वाकले, वाकता वाकता पांढरं तोंड आमच्याकडे वळवलं आणि चित्र तिथेच थिजलं. मग पट्टे आले. मग कुठल्याशा पिक्चरचं गाणं सुरू झालं. कॅसेट संपली होती.

"हे काय वं प्रेमिला," सिंधूताई म्हणाल्या, "मास्तरनं तोंड नाई धुतलं?"

त्या दिवशी गल्लीत दारं उघडली नाहीत. मी पायरीवर येऊन उभी राहिले तर ऊन तेवढं रस्त्यावर पडलेलं होतं.

बाबा परत आल्यावर मी हसत हसत सगळं सांगितलं. ते नत्थूवर चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "कुठपर्यंत आलतं?"

"लोट्यापर्यंत."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले.

४

नत्थूने दुसऱ्याच दिवशी त्या टेपवर कामठीचं एक लग्न चढवलं. त्यानंतरच्या रविवारी बाबा स्वतः गेले, बोलले, तोंड धुतलं, पोरं बाहेर पळाली. विषय संपला असं मी धरून चालले.

मग बाबांना हिवताप आला. पुढचा रविवार उजाडला तेव्हा ते समोरच्या खोलीत खाटेवर दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते. आज मास्तर येणार नाहीत, नुसता पिक्चर लाव, असा निरोप मी सकाळीच नत्थूला देऊन आले होते. कार्यक्रम नाहीच आहे तर निदान कोट तरी शिवून टाकू, म्हणून आई खाटेजवळ बसून त्याची पाठ शिवत होती. टीव्ही मीच लावला.

पडद्यावर झोटिंगमास्तर आले.

"नत्थूनं टेप लावली वाटते," मी म्हणाले.

आईची सुई कोटात अर्धी घुसून थांबली होती. पडद्यावरच्या माणसाच्या अंगातही तो कोट होता. मी मनाशी म्हटलं, टेपच्या वेळी होताच की अंगात, त्यात काय. पुसलेल्या टेपची एखादी नक्कल नत्थूकडे राहिली असेल. नत्थूच तो, त्याच्याकडे काय राहिलं नसेल!

"बिनधास्त भेवा," झोटिंगमास्तर म्हणाले. आवाज बाबांचाच, पण खणखणीत, घरात कधीच न लागणारा. "लोकं कूलर लावून बसले आहेत आणि काही जण दोन दोन गोधड्या घेऊन. डोळे उघडे ठेवा गा. तुम्ही नाई पाहाल तर कोण पाहीन?"

बाबा हसले. पहिल्यांदा खरंच हसले, विनोद त्यांच्याच धाटणीचा होता. मग कोपरावर रेलून उठले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"हे मी नाई बोललो," ते म्हणाले. "प्रेमिला, हे मी कधीच नाई बोललो."

मध्यंतरात तो पुन्हा आला. शेवटी पुन्हा आला. खरं सांगायचं तर इतका चांगला कार्यक्रम बाबांनीही कधी केला नव्हता. शेवटी त्याने बादली ओढली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पांढऱ्या तोंडाने आमच्या खोलीकडे निवांत बघत बसला. पाहुणा ओळखीच्या घरी बसतो तसा. मी उठून टीव्ही बंद केला.

५

मी तशीच उन्हातून नत्थूकडे गेले. तो वरच्या खोलीत बनियनवर बसून जेवत होता.

"टेप? कोणती टेप?" तो म्हणाला. "तूच तं सांगतलं ना बिमार आहेत म्हणून. मी डायरेक्ट पिक्चर लावला."

त्याने कामठीच्या लग्नाची कॅसेट काढून मला दाखवली. पहिल्यापासून शेवटापर्यंत वरात, जेवणावळी, रुसलेली वरमाय. त्याच्या खोलीत एक लहान टीव्ही कायम चालू असायचा, वायरीत काय चाललंय ते बघायला. त्याच्यावर दुपारभर फक्त पिक्चर दिसला होता, अशी त्याने शपथ घेतली. कॅमेरा खोक्यात होता आणि खोक्यावर धूळ होती.

"कोणी तरी मधात वायर जोडली असंन," नत्थू म्हणाला. मला हे एकदम पटलं. गच्चीवर चढून कोणीही हे करू शकला असता. फक्त त्याला बाबांचा आवाज, बाबांचं तोंड आणि आमच्या गोधड्या कुठून मिळाल्या, एवढंच राहिलं होतं.

परत येताना सिंधूताई दारात उभ्या होत्या. "आज तं मास्तरनं कमालच केली वं! तापात उठून गेले ना? पण त्याईले सांग, तोंड धुवाचं पुन्हा इसरले."

बाबांचा ताप उतरला, पण ते काही सावरले नाहीत. गल्लीतले लोक कौतुक करायला येत. बाबा खरं बोलणारे. ते म्हणायचे, "तो मी नव्हतो." लोक खो खो हसायचे, टाळ्या द्यायचे. झोटिंगमास्तर घरातसुद्धा ऐकत नाहीत म्हणायचे. बाबा मग खाली मान घालून बसायचे. मोरीतल्या आरशासमोर उभे राहून ते कार्यक्रमातलं काहीबाही बोलून बघत, ते मी ऐकलं आहे. दोन शब्दांनंतर आवाज बसायचा. आपल्या माणसाची अशी चोरी होताना बघणं फार वाईट असतं, आणि चोर कोण ते सांगता येत नसेल तर विचारूच नका.

६

शनिवारी बाबांनी सांगितलं की उद्या ते जाणार.

"जाऊ नका," आई म्हणाली. तिने कोट पेटीत टाकून कुलूप लावलं होतं आणि ती पेटीवरच बसली होती. "तो बोलते तं बोलू द्या. आपल्या बापाचं काय जाते?"

"तुम्हीच तर म्हणता ना, भूतबीत नसतं म्हणून," मी म्हणाले.

"नसतेच," बाबा म्हणाले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "मी भुताले मानत नाई, पोरी. पण अर्धं काम कोणाचं राह्यलं? माह्यं. त्याचं तोंड धुवाचं राह्यलं आहे."

त्या आठवड्यात ते आमच्याशी एवढंच बोलले असतील. रविवारी जेवण करून, पांढरा बुशशर्ट घालून, सफेद्याची डबी खिशात टाकून ते कोटाशिवायच निघाले. दारातून मागे वळून त्यांनी आमच्याकडे बघितलं. हात वगैरे केला नाही, तशी सवयच नव्हती.

टीव्ही लावला तेव्हा पडद्यावर झोटिंगमास्तर होते. अंगात काळा कोट होता.

आई पेटीवर बसली होती. तिने हाताने पेटीचं कुलूप चाचपलं आणि हात तिथेच ठेवला. आम्ही दोघी पूर्ण पिक्चर बघत बसलो. कुठला पिक्चर होता ते मला आठवत नाही. मास्तर मधून मधून येऊन बोलत होते, शेजारच्या घरांतून हसण्याचे आवाज येत होते आणि मी मनात एकच घोकत होते, की नत्थूकडे दुसरा कोट असेल, लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे कोट असतातच.

पिक्चर संपला. त्याने बादली ओढली.

लोटा घ्यायला तो वाकला, तेव्हा त्याच्या मागची भिंत दिसली. भिंतीला लागून बाक होता आणि बाकावर एक माणूस बसला होता. पांढरा बुशशर्ट. तोंडाला सफेदा, डोळ्यांभोवती काजळ. तो कॅमेऱ्याकडे बघत होता, सरळ आमच्याकडे, आणि भ्यालेला होता. झोटिंगमास्तरांना इतक्या रविवारांत भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा तसे दिसतील हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण ते बाबा होते, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

वाकलेला माणूस सरळ झाला आणि बाक झाकला गेला. त्याने खोबरेल चोळलं, पाणी मारलं. सफेदा ओघळला आणि काळासावळा, दमलेला चेहरा निघाला.

"पाहा," तो म्हणाला. "देवाजी आहे. जय भीम. सोडा पोराईले खेळाले."

गल्लीभर दारं उघडली. पोरं ओरडत धावली.

७

ते घरी आले तेव्हा अंगात पांढरा बुशशर्ट होता आणि कॉलर ओली होती. आईने पेटी उघडून पाहिली नाही. मीही पाहिली नाही. नत्थू म्हणाला, मास्तर एकटेच होते, मी तर खाली दुकानात होतो.

त्या दिवशी जेवताना ते बोलले. छापखान्यातल्या मालकाची नक्कल केली, आम्हाला ठसका लागेपर्यंत हसवलं. त्यानंतर ते बोलतच राहिले. रविवारचा कार्यक्रम त्यांनी बंद केला. "आता काय गरज आहे?" म्हणाले. गल्ली हळहळली आणि मग आमच्याच ओसरीवर जमू लागली. पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची. आजारपणाने मास्तरांचं भलंच केलं, असं सिंधूताई म्हणायच्या. ताप मेंदूत गेला की माणूस कधी कधी असा मोकळा होतो का, हे मी एका डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, होऊ शकतं.

त्यांच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काहीही नाही. माझ्या शेवटच्या परीक्षेला ते रोज सायकलवर सोडायला आले. आईच्या हातातली घागर ते घ्यायचे, जे बाबांना कधी सुचलं नव्हतं. मी अभ्यासाला बसले की तेही शेजारी येऊन बसायचे, आणि बसले की काही तरी गंमत सांगायचे. मी हसायची. मला ते आवडायचेसुद्धा. पण हसता हसता मला बाबांची इतकी आठवण यायची, की पुस्तक घेऊन मी मोरीत जाऊन उभी राहायची.

एकोणनव्वदच्या थंडीत आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं त्यांनी केलं. तोंडात पाणी घालणं, केस विंचरणं, कूस बदलणं. दवाखान्यातल्या नर्सा मला म्हणायच्या, असा नवरा नशिबाने मिळतो. शेवटी शेवटी आई ग्लानीतच असायची.

एके दुपारी तिने डोळे उघडले. ते उशाशी बसले होते, तिचा हात त्यांच्या हातात होता. आईने त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग मान माझ्याकडे वळवली.

"प्रेमिला, तुह्ये बाबा आले का वं?"

ते तिथेच होते, मी काय सांगणार?

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी गंमत केली नाही.

"नाई आले अजून, अंजनाबाई," ते हळूच म्हणाले. "मी बी वाटच पाहून राहिलो."